खांद्यावरची पक्की शिलाई

मास्तरांनी शिवलेली गोष्ट उसवत नाही, हे रेल्वेच्या त्या डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं. काहींना ते सोसून ठाऊक झालं होतं. एका वेल्डरने एकदा पँटचा खिसा दुरुस्तीला दिला, तर मास्तरांनी तो इतका पक्का शिवला की खिशाचं तोंडही त्यातच गेलं. वेल्डर तक्रार घेऊन आला तेव्हा मास्तरांनी विचारलं, "परत फाटला का?" वेल्डर म्हणाला, "नाही." "मग?" असं म्हणून मास्तर पुढच्या कपड्याकडे वळले. वेल्डरने त्यानंतर रुमाल दुसऱ्या खिशात ठेवायला सुरुवात केली.

मास्तरांची खोली डेपोच्या मागच्या अंगाला, स्टोअर आणि बॅटरीच्या खोलीच्या मधे होती. आत पायाची मशीन, एक कापायचं टेबल, दोऱ्यांची फळी आणि रुळांकडे उघडणारी एक खिडकी. गाडी आली की टेबलावरची टाचण्यांची डबी खुळखुळायची आणि मास्तर मशीनचा पायटा थांबवायचे, कारण गाडी जाताना घातलेली टीप वाकडी जाते असा त्यांचा अनुभव होता. अशा थांबण्यात त्यांच्या नोकरीच्या एकतीस वर्षांतली दोनेक वर्षं तरी गेली असतील. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. गाडीने आपलं काम करावं, आपण आपलं.

त्यांच्याकडे यायचे ते रूळ सांभाळणाऱ्या लोकांचे कपडे. खडीवर गुडघे टेकून टेकून फाटलेल्या पँटी, बोल्टला अडकून लोंबणाऱ्या बाह्या, तेल आणि गंज पिऊन कडक झालेली जॅकेटं. कपडा पाहून मास्तर माणूस सांगायचे. उजवा खांदा झिजला म्हणजे हा ओझी वाहतो. मनगटाशी बाही झिजली म्हणजे पहार चालवतो. बसायची जागा झिजली म्हणजे मुकादम. मुकादमाने हे एकदा दाराआडून ऐकलं, आणि मग महिनाभर तो मास्तरांच्या खोलीत उभ्यानेच चहा प्यायला.

एकदा स्टोअरबाबूंनी एक जॅकेट आणून टेबलावर ठेवलं होतं. ते पाठीतून फाटलं होतं आणि ते घालणारा माणूस आता कामावर येणार नव्हता. स्टोअरबाबू वाईट माणूस नव्हते, पण वस्तू वाया गेलेली त्यांना बघवत नसे. "जमेल तसं शिवा," ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी होईल." मास्तरांनी ते जॅकेट घडी करून त्यांच्या हातात परत दिलं. एकतीस वर्षांत मास्तरांनी परत पाठवलेलं ते एकमेव काम. त्या दिवशी ते घरी जाऊन जेवले नाहीत, आणि बायकोने विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही.

त्यामुळे त्यांच्या एकुलत्या एका लेकीने परीक्षा दिली आणि ती त्याच डेपोत, रुळावरच्या गँगमध्ये कामाला लागली, तेव्हा मास्तर तिच्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. लोकांना वाटलं, राग आला असेल. राग वगैरे काही नव्हता. ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाने काय बोलायचं असतं ते त्यांना येत नव्हतं.

"अहो, बोला की तिच्याशी," बायको म्हणायची.

"काय बोलू?"

"ते मी सांगू का? एकतीस वर्षं माझ्याशी काय बोलताय तेच बोला. मीठ द्या, दार लावा."

चौथ्या आठवड्यात लेकीला गणवेश मिळाला. पँट पुरुषी मापाची होती, आणि कमरेत ती आणि तिची आई दोघी मावल्या असत्या. तिने ती सुतळीने बांधली होती. मास्तरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ठेव इथे." सकाळी पँट खुर्चीवर होती, कंबर मापात, गुडघ्यावर दुहेरी कापड, आणि पायाला दुमडीत जादा कापडाची पुरेशी माया ठेवलेली. लेकीने ती घातली, दोनदा उठली-बसली, आणि म्हणाली, "बाबा, डबा झालाय का बघता?" समेट झाला तो एवढाच. "यांना माया करायची म्हटलं तरी सुईदोरा लागतो," असं बायको शेजारणीला म्हणाली, पण मास्तरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

लेक लुकआउट होती. म्हणजे असं, की गँग रुळावर वाकून काम करत असते, यंत्रांचा आवाज असतो, तेव्हा गाडी येतेय हे त्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. म्हणून एक माणूस लांब, वळणापाशी, शिट्टी आणि झेंडी घेऊन उभा राहतो आणि फक्त बघतो. गाडी दिसली की शिट्टी, मग गँग बाजूला. लुकआउटने दुसरं काही करायचं नसतं. पहार धरायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत. नजर ढळू नये म्हणून फोनसुद्धा लॉकरमध्ये ठेवून जायचा.

"नुसतं बघण्याचा पगार मिळतो हे आधी कळलं असतं," आई म्हणाली, "तर इतकी वर्षं मी खिडकीत फुकट उभी राहिले नसते."

वर्षभराने नवी जॅकेटं आली. जुनी जॅकेटं धुऊन धुऊन गाजराच्या सालीच्या रंगाची झाली होती, आणि त्यांचे चमकते पट्टे आता नावालाच चमकत होते. नवी मात्र झगझगीत केशरी, वजनाला हलकी, छातीवर आणि पाठीवर चांदीसारखे पट्टे. एकूण बेचाळीस. डोक्यातून घालायची, बनियनसारखी. पण दोन्ही खांद्यांवर आणि दोन्ही कुशींना शिलाई नव्हतीच. तिथे नुसती काट्यांची चिकटपट्टी होती, ती ओढली की चर्र करून सुटते तसली. प्रत्येक जॅकेटबरोबर एक छापील पत्रक होतं. स्टोअरबाबूंनी बेचाळीसही पत्रकं काढून, कडा जुळवून, एका फाइलमध्ये लावली आणि फाइलवर सुंदर अक्षरात 'पत्रके' असं लिहिलं. कागद आला की फाइलला लावायचा, हे त्यांना शिकवलेलं होतं. वाचायचा, असं कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी बोंब झाली. डेपोतला सगळ्यांत धिप्पाड गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो रुळाखालचा स्लीपर उचलायला वाकला आणि त्याचा खांदा चर्र करून उघडला. दुसऱ्या दिवशी एकाचं जॅकेट वाऱ्याने उघडून तोंडावर आलं. तिसऱ्या दिवशी दोघांनी ती तारेने बांधली. पाचव्या दिवशी मुकादम एक जॅकेट चिमटीत धरून मास्तरांच्या खोलीत आला.

"हे बघा मास्तर, काय पाठवलंय आपल्याला."

मास्तरांनी खांदा दोन बोटांनी ओढला. चर्र. त्यांनी तो परत चिकटवला आणि परत ओढला. चर्र.

"कुणी शिवलंय?"

"कारखान्यात."

"हे शिवलेलं नाही," मास्तर म्हणाले. "हे पाकिटासारखं चिकटवलंय. एवढा चांगला कपडा, एवढा चांगला पट्टा, आणि खांद्याला येऊन यांचा दोरा संपला?"

"तुम्हाला जमेल का काही?"

मास्तरांनी मुकादमाकडे असं पाहिलं की त्याने प्रश्न मागे घेतला.

कुणाचा हुकूम नव्हता. साहेबाची सही नव्हती. पण काम डोळ्यांसमोर उसवतंय आणि हात रिकामे आहेत, हे मास्तरांना सोसण्यासारखं नव्हतं. रोज संध्याकाळी गडी आपापली जॅकेटं आणून टाकायचे आणि सकाळी घेऊन जायचे. दोन्ही खांदे, दोन्ही कुशी, चिकटपट्टी आत मिटवून वरून दोन दोन टिपा, टोकांना उलटसुलट टाके. नऊ दिवसांत एकेचाळीस जॅकेटं झाली.

बेचाळिसावं लेकीचं. ते त्यांनी घरी नेलं आणि रविवारी दुपारी काढून बसले. त्याला त्यांनी डेपोतला दोरा वापरला नाही. ताडपत्री शिवायचा मेणाचा दोरा त्यांनी कपाटातून काढला, आणि दोनाच्या जागी चार टिपा घातल्या. वर टोकांना हाताने गाठी मारल्या, आणि त्या गाठींवर आणखी गाठी.

"अहो, पोरगी जॅकेट घालणार आहे की तंबू?" बायकोने विचारलं.

"असू दे."

लेकीने ते घातलं, दोन्ही हात वर केले, खांदे फिरवून पाहिले. "चिलखतच झालंय, बाबा."

"हं," मास्तर म्हणाले. त्या रात्री ते पाठ टेकताच झोपले. लेक कामाला लागल्यापासून असं झालं नव्हतं.

त्यानंतर महिनाभर एकही जॅकेट मास्तरांच्या टेबलावर आलं नाही. गँगमध्ये त्यांचं नाव निघालं की लोक आपला खांदा थोपटून दाखवायचे. मोठे साहेब पाहणीला आले होते, तेही एका जॅकेटचा खांदा चाचपून "वा" म्हणाले. हा "वा" मास्तरांनी बायकोला तीन वेगवेगळ्या वेळी सांगितला. मुकादमाने तर चहा बसून प्यायला. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सेफ्टीवाल्या मॅडम आल्या.

मॅडम वयाने लहान होत्या, अंगाने काटकुळ्या, आणि त्यांना सर्दी झाली होती. सकाळी दहा वाजता शेडमध्ये बाकं मांडली. लेकीची अकरा जणांची गँग पहाटेच कामावर गेली होती. बाकीचे सगळे हजर होते. मास्तरांचा रुळाशी संबंध नव्हता, तरी मुकादमाने त्यांना मुद्दाम बोलावून पहिल्या बाकावर बसवलं. "मॅडम जॅकेटांबद्दलच बोलणार आहेत," तो म्हणाला. "तुमचं नाव निघणारच." मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

मॅडमनी बुटांबद्दल सांगितलं, हेल्मेटबद्दल सांगितलं, चारदा नाक पुसलं. मग म्हणाल्या, "आता जॅकेट. हे सुटतं कसं, ते बघू. कोण येतंय?"

पैलवान उभा राहिला.

"तुम्ही नुसते उभे राहा. मी मागून ओढते."

त्यांनी खांद्याला धरून झटका दिला. काही झालं नाही. त्यांनी पाय रोवून दुसरा झटका दिला, तेव्हा पैलवान जागेवर राहिला आणि मॅडमच त्याच्या पाठीवर जाऊन आपटल्या. शेडमध्ये खसखस पिकली. मॅडमनी दोन गड्यांना पुढे बोलावलं. दोघांनी मिळून हिसका दिला, तसा पैलवान जॅकेटासकट उलट्या पावलांनी चार हात मागे गेला आणि दाराच्या चौकटीला लागून थांबला. जॅकेटाचा एक टाका हलला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आमच्या मास्तरांची शिलाई आहे, मॅडम!" मागून कुणीतरी ओरडलं. "हत्तीने ओढलं तरी सुटणार नाही!"

वीस-पंचवीस बोटं एकदम पहिल्या बाकाकडे वळली. मास्तर अर्धवट उठले, किंचित मान झुकवली आणि परत बसले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पैलवानाचा खांदा जवळ जाऊन पाहिला, नखाने टीप चाचपली. "किती जॅकेटं अशी शिवलीत?"

"बेचाळीसच्या बेचाळीस," मुकादम अभिमानाने म्हणाला.

मॅडम बाकावर बसल्या. मग त्या बोलायला लागल्या तेव्हा आवाज सर्दीमुळे बसलेला होता, पण एकेक शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मालगाडीच्या डब्यांना साखळ्या लोंबतात. हूक असतात. ताडपत्रीच्या दोऱ्या सुटलेल्या असतात. तुम्ही नियमाने लांब उभे असलात, तरी एखादी दोरी फडफडत अंगावर येऊ शकते. ती जॅकेटात अडकली, तर जॅकेट सुटून गाडीबरोबर गेलं पाहिजे, आणि माणूस इथे राहिला पाहिजे. म्हणून ते खांद्यावर आणि कुशीत मुद्दाम कच्चं ठेवलेलं असतं. ती कारखान्याची चूक नाही." त्यांनी नाक पुसलं. "बरोबर पत्रक येतं, त्यात लिहिलेलं असतं."

"पत्रकं आहेत ना," स्टोअरबाबू उठून म्हणाले. "बेचाळीस आहेत." आणि ते खरोखरच फाइल आणायला गेले.

मास्तरांकडे कुणी पाहत नव्हतं. पैलवान छताकडे पाहत होता, मुकादम आपल्या बुटांकडे. सगळे इतक्या निरनिराळ्या दिशांना पाहत होते की त्यांच्या मनात काय चाललंय ते मास्तरांना नीट कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्याची लाज वाटायला त्यांना त्या घडीला सवड नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे मेणाचा दोरा आला होता.

मुकादमाने बाहेरच्या गँगमधल्या जाणत्या गड्याला फोन लावला. काम थांबवा, रुळावरून उतरा, बांधापलीकडे जाऊन बसा, जॅकेटं काढून ठेवा. दोन मिनिटांत उलट फोन आला: दहाही माणसं खाली उतरली आहेत.

"दहा?" मॅडमनी विचारलं. "गँग अकराची ना?"

"अकरावी लुकआउट. ती वळणावर उभी असते. फोन नसतो तिच्याकडे," मुकादम म्हणाला. "ते माणूस पाठवतायत, पण वळण तिकडून लांब आहे. इकडून पंधरा मिनिटांची वाट."

मास्तर केव्हाच उभे राहिले होते. "मी जातो."

"मास्तर, तुम्ही कशाला..."

"पोरगी माझी आहे," ते म्हणाले. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. "आणि सगळ्यांत पक्कं जॅकेट तिचं आहे."

जॅकेटाशिवाय रुळाजवळ जाता येत नाही. मॅडमनी पिशवीतून दाखवण्यासाठी आणलेलं न शिवलेलं जॅकेट काढलं आणि मास्तरांच्या डोक्यातून घातलं. एकतीस वर्षांत हजारो जॅकेटं त्यांच्या हाताखालून गेली, अंगावर हे पहिलंच. मॅडमची नजर त्यांच्या चपलांवर गेली, तोवर स्टोअरबाबू बुटांचा जोड घेऊन आले होते. "सही नंतर करा," ते म्हणाले. स्टोअरबाबूंच्या तोंडी हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी आपल्या खोलीतून उसवायच्या अर्ध्या ब्लेडांची काडेपेटी उचलून खिशात टाकली आणि मॅडमच्या मागे निघाले.

रुळाच्या कडेने पायवाट होती. नवे बूट चावत होते. अर्ध्या वाटेवर मास्तरांनी विचारलं, "असं किती वेळा होतं? अडकायचं?"

"क्वचित."

"क्वचित म्हणजे?"

"क्वचित म्हणजे क्वचित, मास्तर. माझ्या आठवणीत दोनदा." मॅडम चालता चालता थांबल्या नाहीत. "एकदा जॅकेट गेलं. एकदा नाही गेलं."

मास्तर आणखी भराभर चालायला लागले.

वळण दिसलं. वळणाच्या टोकाशी लेक उभी होती, पाठ यांच्याकडे, नजर पलीकडे. केशरी रंग एवढ्या लांबूनही डोळ्यांत भरत होता. जॅकेट खांद्यावर किती चोख बसलंय, हे मास्तरांच्या लक्षात आलंच. एवढ्या वर्षांची खोड अशी एका सकाळीत जात नाही. ते हाक मारणार, एवढ्यात शिट्टी वाजली. लांब, दोनदा. लेकीने झेंडी वर केली, वळून मागे पाहिलं, आणि तिला दिसलं की पायवाटेवर दोन केशरी जॅकेटं चालत येतायत. त्यातलं एक आपला बाप आहे, हे तिला एवढ्या लांबून कळायचं कारण नव्हतं.

"मागे!" ती ओरडली. "मागे व्हा! गाडी आहे! बांधावर चढा!"

मॅडमनी मास्तरांचा दंड धरून त्यांना बांधावर ओढलं. लेक आपल्या ठरलेल्या जागी सरकली, रुळापासून नियमाने जेवढं लांब हवं तेवढी, आणि ड्रायव्हरला दिसावं म्हणून एक हात वर धरून उभी राहिली. वळणावरून मालगाडी आली.

मास्तर एकतीस वर्षं खिडकीतून गाड्या पाहत आले होते. गाडी म्हणजे पायटा थांबवायचा, एवढाच त्यांचा आणि गाडीचा संबंध. गाडीला इतक्या गोष्टी लोंबत असतात, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. साखळी. मग दांडा. मग अर्धवट लावलेला एक हूक, डब्याबरोबर हेलकावे खाणारा. मग ताडपत्रीची एक दोरी, सुटलेली, वाऱ्यावर बाहेर फेकली जाऊन परत डब्यावर आपटणारी. गाडीच्या वाऱ्याने लेकीचं जॅकेट फुगलं आणि फडफडायला लागलं. मास्तर फक्त तिच्या खांद्याकडे पाहत होते. जन्मभर ज्या माणसाने टाका सुटू नये म्हणून डोळे फोडले, तो माणूस आता मनातल्या मनात आपल्याच शिलाईला हात जोडून विनवत होता, की बाई, तू सूट. माझी अब्रू गेली तरी चालेल, पण तू सूट.

शिलाई अर्थातच सुटली नाही. दोरी तिच्यापासून दोन हात अंतरावरून फडफडत निघून गेली, तिच्यामागून आणखी वीसेक डबे गेले, आणि मग शेवटचा डबा वळणाआड गेला. लेकीने हात खाली घेतला.

मास्तर बांधावरून उतरायला लागले, तेव्हा तिने त्यांना ओळखलं. तिचा चेहरा पडला. "बाबा? तुम्ही इथे? आईला काही झालं का?"

"आई बरी आहे. जॅकेट काढ."

"काय?"

"काढ म्हणतो ना."

"ड्युटीवर आहे मी," लेक म्हणाली, आणि नजर परत वळणाकडे नेली.

मग मॅडमनी तिला सगळं सांगितलं. गँग रुळावरून उतरली आहे हे ऐकल्यावर तिने विचारलं, कुणी सांगितलं, किती वाजता सांगितलं, दहाही जण उतरलेत का. मॅडमच्या फोनवरून तिने स्वतः जाणत्या गड्याशी बोलून घेतलं. तेवढं झाल्यावरच ती जागा सोडून बांधावर आली. मास्तर हे सगळं पाहत होते. आपली पोरगी कामात इतकी पक्की असेल, हे त्यांना घरी बसून कळण्यासारखं नव्हतं.

बांधापलीकडे, रुळापासून चांगलं लांब, मास्तर खाली बसले. त्यांनी आपल्या अंगावरचं जॅकेट तिला घालायला दिलं, तिचं मांडीवर घेतलं आणि ब्लेड काढलं.

पहिली टीप उसवायलाच दहा मिनिटं गेली. मेण लावलेला दोरा ब्लेडखाली येत नव्हता, निसटत होता. टोकाच्या गाठींवरच्या गाठी अशा आवळल्या होत्या की त्यांत टाचणीसुद्धा जाईना. एक ब्लेड मोडलं. दुसरं मोडलं.

"कुठल्या गाढवाने शिवलंय हे," ते पुटपुटले.

लेक हसली, मग तिने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. "तुम्हाला कुठे माहीत होतं, बाबा."

"विचारलं कुठे मी?" मास्तर वर न पाहता म्हणाले. "ज्यांनी एवढा कपडा शिवला, त्यांना चार टिपा येत नसतील का? कच्चं ठेवलंय तर का ठेवलंय, एवढं तरी मनात यायला हवं होतं. मला वाटलं, जगात शिवता येतं ते मला एकट्यालाच." दोरा तटकन तुटला. "मला भीती वाटते गं. तू इथे लागलीस त्या दिवसापासून वाटते. काय करावं कळत नव्हतं, म्हणून चार टिपा घातल्या."

"ते माहीत आहे मला," लेक म्हणाली. "म्हणून तर रोज घालत होते. खांद्याला टोचायचं, तरी."

मॅडम थोड्या बाजूला जाऊन नाक पुसत उभ्या राहिल्या.

पाऊण तास लागला. पुढे बाकीची एकेचाळीस उसवायला मास्तरांना अकरा दिवस लागायचे होते, शिवायला लागले होते त्याहून दोन जास्त. पण त्या दुपारी त्यांना फक्त हे एक दिसत होतं. शेवटची कूस मोकळी झाली. चिकटपट्टीच्या काट्यांतून त्यांनी दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचले, खांदे जुळवून दाबले, लेकीला अंगावरचं काढायला लावलं आणि हे जॅकेट तिच्या डोक्यातून घातलं.

"ओढून बघा," मॅडम म्हणाल्या. "मागून."

मास्तर तिच्या मागे उभे राहिले. त्यांनी खांद्याचं कापड दोन्ही मुठींत धरलं आणि ओढलं. जॅकेट जागचं हललंसुद्धा नाही.

"बाबा, गाडी असं ओढत नाही," लेक समोर पाहत म्हणाली.

त्यांनी जरा जोरात ओढलं. ती किंचित मागे झुकली आणि त्यांनी घाबरून हात सोडले.

"बाबा."

मग मास्तरांनी डोळे मिटले, पाय रोवले आणि अंगातलं सगळं बळ लावून हिसका दिला. चर्र करून चारही जोड सुटले, जॅकेट त्यांच्या हातात आलं आणि ते स्वतः उताणे मातीत पडले. लेकीने धावत येऊन त्यांचा हात धरावा, असं काही झालं नाही. ती जिथे उभी होती तिथेच उभी राहिली. पाऊलभरसुद्धा सरकली नव्हती. मग तिने मान वळवून विचारलं, "लागलं का?"

मास्तर मातीत बसून होते. हातात जॅकेट होतं, त्याचे खांदे उघडे पडले होते. ते तिच्या बुटांकडे पाहत होते.

"परत घाल," ते म्हणाले. "परत ओढतो."